ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही

काल बोरीहून गावाकडे येताना जीपमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली असेल. फाट्यावरून जीप आत वळली आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, "शिजायलीय कुनाची तरी."

काय शिजायलंय हे जीपमधल्या कुणी विचारलं नाही. फाल्गुन लागला की आमच्याकडे शिजते ती हळद. ओल्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा उकडलेल्या रताळ्यांचा असा तो वास असतो, आणि त्याच्या पाठीमागून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळाल्याचा धूर येतो. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही मात्र खिडकीची काच खाली करतो.

आजवर किती तरी हंगाम आले. पण हा वास आला की माझं मन बाकीचे सगळे हंगाम ओलांडून त्या एकाच फाल्गुनात जाऊन उभं राहतं. त्या वर्षी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, नाही म्हणाले होते.

परभणीला शेतीचं शिक्षण संपवून मी मानवतच्या एका खत-बियाण्याच्या दुकानात काही दिवस नोकरी केली. काउंटरमागे उभं राहायचं आणि येणाऱ्याला कोणती पिशवी चांगली ते सांगायचं. सगळा दिवस दुसऱ्यांच्या शेतीविषयी बोलण्यात जायचा, आणि आपल्या रानात काय उगवलंय ते मायला फोन करून विचारावं लागायचं. एके दिवशी हे फार विचित्र वाटलं आणि मी घरी निघून आले. अण्णांनी का आलीस म्हणून विचारलं नाही. गावानं मात्र विचारून विचारून बेजार केलं. "सुट्टीला आलीस का?" म्हटलं, न्हाई. "मग कधीपर्यंत हायस?" म्हटलं, हायच. यावर लोक माझ्याकडे असं बघायचे, जणू मला काही तरी झालंय आणि मी ते लपवतेय.

गावात माझ्यासारखे आणखी काही जण होते. समाधान माझा शाळेतला वर्गमित्र, बोरीच्या हायस्कूलला आम्ही एकाच बसनं जायचो. बौद्धवाड्यातलं त्याचं घर, जमीन गुंठाभरही नाही. पुण्याकडे एका कारखान्यात वेल्डिंग शिकून तो परत आला होता, कारण आई एकटी पडली होती. दुसरी अर्चनावहिनी, आमच्या गल्लीतली सून. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादा दिवस घरी. रान सगळं तीच बघायची. पेरणी तिची, फवारणी तिची, मजूर गोळा करणं तिचं. आणि रानाची गोष्ट निघाली की लोक तिच्या सासऱ्यांना विचारायचे. सासऱ्यांना तर कोणत्या तुकड्यात काय लावलंय हेही धड माहीत नसायचं. ते आत वळून हाक मारायचे, "सूनबाई, काय लावलंय गं आपण?"

आम्हा तिघांना एकत्र आणलं ते सोसायटीच्या पत्र्याखाली गंजत पडलेल्या बॉयलरनं.

गावच्या सहकारी सोसायटीनं तो हळद शिजवायला आणला होता. एका गाड्यावर पाण्याची टाकी, खाली चूल, बाजूला मोठाले ड्रम. ट्रॅक्टरला जोडला की या रानातून त्या रानात जातो. टाकीतली वाफ नळीनं ड्रममध्ये शिरते, आणि काहिलीत, म्हणजे मोठ्या उघड्या कढईत, अर्धा दिवस खाणारी हळद बघता बघता शिजून निघते. पण आधी कुणाची शिजवायची यावरून पहिल्याच वर्षी मोठी भांडणं झाली. एक म्हणाला मी संचालक, दुसरा म्हणाला माझी हळद जास्त. शेवटी चेअरमनकाकांनी त्याला कुलूप लावलं. तेव्हापासून बाहेरचा ठेकेदार आपला बॉयलर घेऊन यायचा, रस्त्याकडेची मोठी रानं उरकायचा आणि निघून जायचा. लहान रानातल्या काढलेल्या हळदीचे ढीग पाल्याखाली तापत पडायचे. हळदीचा ढीग फार दिवस राहिला की आतून गरम होतो, कंदाला कोंब फुटतात, तळाचा माल नासतो. वर्षभर सांभाळलेलं पीक शेवटच्या आठवड्यात हातचं जायचं.

आम्ही चेअरमनकाकांकडे गेलो. वयस्कर माणूस, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं कमी. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

"दुरुस्ती आम्ही करू, चालवू बी आम्हीच," मी म्हटलं. "फक्त कुलूप काढा."

त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "चालवा. पण एक ध्यानात ठेवा. तुमी सोसायटीचे सभासद न्हाईत. सातबाऱ्यावर नाव असलं तरच सभासद. मिटिंगीत येऊन हे करा, ते करा, असं सांगायचं न्हाई."

समाधान म्हणाला, "बोलायचं न्हाई, पण बॉयलर चालवायचा?"

"व्हय."

"ठीक हाय," अर्चनावहिनी पटकन म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिच्याकडे रागानं बघितलं, तर म्हणाली, "आगं, आमच्या घरात बी असंच हाय. आधी काम हातात घ्यायचं. बोलायचं मागून."

तरुणांना शेती नको, अशी भाषणं मी कॉलेजात पुष्कळ ऐकली होती. व्यासपीठावरचे लोक हळहळायचे आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवायचो. शेती नको असणारे आहेतच, नाही म्हणत नाही. पण आमच्या गावात पोरं पहाटे पाणी धरायला जायची, बैल धुवायची, ट्रॅक्टर हाकायची, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर मोठी माणसं काही ठरवायला बसली की उठून फाट्यावर मोबाइल बघत बसायची. कारण ओट्यावर त्यांना जागाच नव्हती. बापाचं वय होईपर्यंत सातबाऱ्यावर बापाचंच नाव राहतं; पोराचं लागतं तेव्हा पोराचेही केस पिकलेले असतात. पोरीचं तर लागतच नाही. आणि ज्यांच्या घराला रानच नाही, त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं.

समाधाननं बॉयलर खोलला, घासला, जोडला. फाट्यावरची दोन-चार पोरं आधी नुसती बघायला आली, मग पाना धरायला लागली. आम्ही नियम एकच केला. बॉयलर ओढ्याकडच्या पहिल्या रानातून सुरू होणार आणि एकेक रान करत गावाकडे वर येणार. मधलं रान सोडायचं नाही, पुढचं आधी घ्यायचं नाही. रान कुणाचंही असो, लहान असो की मोठं, मालकीचं असो की ठोक्यानं, वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, केलेलं. सगळ्या गावाला रानांचा क्रम पाठ होता, त्यामुळे कुणाचा नंबर कधी हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. चेअरमनकाका मान हलवून म्हणाले, "इमानानं होत आसंल तर करा."

मग हंगाम सुरू झाला. किती सुंदर हंगाम होता तो! सकाळी उन्हं पडायच्या आधी चूल पेटायची. पऱ्हाट्या तडतड करायच्या. वाफ भरली की नळी शीळ घालायची आणि बांधावरचे बगळे उडायचे. अर्चनावहिनी ड्रममधून कंद काढून त्यात काडी टोचायची; काडी लोण्यात जावी तशी आरपार गेली की ओरडायची, "झालं! खाली करा!" ड्रम कलंडायचा आणि ताडपत्रीवर हळदीचा वाफाळता ढीग घसरत यायचा. त्या वाफेत उभं राहिलं की समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता त्याचा आवाज यायचा. बायका हळद पसरता पसरता गाणी म्हणायच्या आणि मध्येच थांबून मला लग्नाचं विचारायच्या. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एकाच फडक्यावर यायच्या. सुरुवातीला समाधानच्या डब्याशी कुणी जायचं नाही. अर्चनावहिनीनं पहिल्याच दिवशी सरळ त्याच्या डब्यातला ठेचा उचलला, म्हणाली, "तुझी माय लय तिखट करती," आणि दुसरा तुकडा मोडला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या ठेच्यासाठी भांडणं व्हायला लागली.

रानामागून रान होत होतं. ज्यांच्या हळदीला दर वर्षी कोंब फुटायचे, त्यांची हळद त्या वर्षी वेळेत शिजली. लोक चहा पाजायला लागले. मला वाटलं, जमलं. आता कुणी काही म्हणायचं राहिलं नाही.

आणि आभाळ आलं.

मार्चमधलं आभाळ वेगळं असतं. पावसाळ्यातल्या ढगाकडे माणूस वर तोंड करून बघतो. या ढगाकडे खालच्या मानेनं, चोरून बघतो. मोबाइलवर अवकाळीचा इशारा आला, जिंतूरकडे गारा पडल्याचं कुणी सांगितलं. त्या दिवशी बॉयलर रुक्मिनबाईच्या रानात लागणार होता. रुक्मिनबाई म्हणजे समाधानची आई. एवढासा तुकडा तिनं ठोक्यानं केला होता, वर्षभर स्वतःच्या हातानं खुरपून हळद आणली होती. आणि त्याच्या लगोलग वरचं रान आमचं होतं.

अण्णांनी घाई करून आमची हळद आधीच काढून टाकली होती. मजूर मिळाले म्हणून काढली, म्हणाले. आता भला मोठा ढीग पाल्याखाली तापत होता. मी सकाळी निघाले तेव्हा अण्णा ओसरीवर उभे होते.

"मने, आज बॉयलर आधी आपल्याकडं घेऊन ये."

"अण्णा, आज रुक्मिनबाईचा नंबर हाय."

"तिची हळद किती? पसाभर. तिची मागून बी व्हईल. आपला ढीग बघितलास का? हात घाल आत, पोळायलाय. वरून पाणी पडलं तर काय ऱ्हाईल?"

"तिची बी काढून झालीय, अण्णा. तिच्यावर बी पाणीच पडंल."

"आगं, घरची पोरगी बॉयलरवर आसून आपलीच हळद नासायची? लोक हासतील मला."

मी उभी राहिले. आत मायच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मला अण्णांचा ढीग दिसत होता. ती हळद मीही लावली होती, तिला पाणी मीही दिलं होतं. नाही म्हणणं मला सोपं नव्हतं; पण हो म्हणून पुढच्या रानात कोणत्या तोंडानं गेले असते, हे मला कळत नव्हतं.

"न्हाई, अण्णा," मी म्हटलं. "न्हाई आणणार."

आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असेन. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पायात वहाणा सरकवल्या आणि माझ्या आधी घराबाहेर पडले.

मी रानात पोचले तेव्हा अण्णा चेअरमनकाकांना घेऊन आलेच. बॉयलरखाली अजून काडी लावली नव्हती. चेअरमनकाका म्हणाले, "पोरांनो, वेळ बघून वागावं लागतंय. ज्याचं नुकसान जास्त, त्याचं आधी. गाडा वर घ्या."

समाधान पुढे झाला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं तो काय म्हणणार ते. "नेऊ, मनीषा," तो हळूच म्हणाला. "अण्णांचं आधी करू. आमचं बारकं हाय. मी माझ्याच घराचं आधी केलं असं नको व्हायला. उगं भांडण कशाला?"

नंबर त्याचा, आणि तोच सोडायला निघालेला. मी अडवणारी कोण? वारा सुटला होता आणि ढिगावरचा पाला उडत होता.

बोलली ती रुक्मिनबाई. कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. ती मुलाच्या अंगावर ओरडली नाही की अण्णांशी भांडली नाही. चेअरमनकाकांकडे बघून सरळ म्हणाली, "काका, आण्णाची हळद नासावी असं मला वाटत न्हाई. त्यांच्या रानात मी खुरपलंय. पण आज मी नंबर सोडला, तर पुढल्या साली मला कुणी विचारणार बी न्हाई. बाई सोडतीच, असं धरूनच चालतील समदे." मग समाधानला म्हणाली, "काडी लाव."

तो उभाच राहिला. अर्चनावहिनीनं वाकून पऱ्हाट्यांचा भारा चुलीत सारला. मी काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरीला समाधाननं दोन्ही हातांचा आडोसा धरला.

पेटलं.

अण्णा वळून निघून गेले. चेअरमनकाकांनी वाऱ्यानं उडणारं धोतर सावरलं. "मिटिंगीत बोलू," एवढंच म्हणाले.

आम्ही त्या दिवशी जसं काम केलं तसं पुन्हा कधी केलं नाही. बोलणं नाही, गाणं नाही, भाकरी नाही. रुक्मिनबाईची हळद शिजली, पसरली, झाकली. गाडा आमच्या रानाकडे ओढायला घेतला आणि पहिला थेंब पडला, टपोरा, थंडगार. मागोमाग गारा आल्या. गाडा बांधावरच रुतला. आम्ही तो तिथंच सोडून आमच्या ढिगाकडे धावलो. अण्णा एकटेच ताडपत्रीची दोन टोकं धरायला बघत होते आणि वारा त्यांच्या हातातून ती हिसकत होता. समाधाननं एक टोक धरलं, वहिनीनं दुसरं. रुक्मिनबाई ताडपत्रीवर चक्क आडवी झाली. अंगावर गारा झेलत आम्ही सगळे त्या ढिगाला बिलगून बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

वरचा ढीग वाचला. तळाशी पाणी शिरलंच. रान चिखलानं भरलं, गाडा बरेच दिवस आत येईना. आमची हळद शिजली तेव्हा खालच्या थरातले कंद मऊ पडले होते, वाळल्यावर रंग मळकट आला. अण्णांनी एक हळकुंड मोडलं, आत बघितलं आणि ढिगात टाकून दिलं.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला समोरासमोर बसायचो. "भाजी वाढ," हे ते मायला सांगायचे, भाजी माझ्या हातात असली तरी. माय दोघांच्या मध्ये बसून उगाच म्हशीच्या गोष्टी काढायची. एकदा मागच्या अंगणात मला म्हणाली, "तू चुकलीस असं मी म्हणत न्हाई. पण बापाला असं सगळ्यांदेखत... " आणि मग तिनंच पुढचं वाक्य गिळलं. मी बरोबर होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण आपण बरोबर आहोत हे माहीत असूनही ताटातला घास घशाखाली उतरत नाही, हे मला त्या दिवसांत समजलं.

सोसायटीची सभा उन्हाळ्यात झाली. आम्ही ओट्याच्या खाली उभे राहिलो. हंगामात काम करणाऱ्या पोरापोरींना सभासद करून घ्यावं, अशी मागणी आमच्या वतीनं एका जुन्या सभासदानं मांडली. चेअरमनकाका उठले. "पोरांनी काम चांगलं केलं, न्हाई कोण म्हणतंय? पण नियम नियम हाय. ज्याच्या नावावर रान, तो सभासद. ज्याच्या बापाला वाटतं त्यानं पोराच्या नावावर रान करावं. बॉयलर सोसायटीचा हाय, तो सोसायटी बघंल." हात वर झाले. मागणी पडली. अण्णांनी हात वर केला नाही. ना बाजूनं, ना विरोधात. बॉयलरला पुन्हा कुलूप लागलं.

समाधान घरी जाता जाता म्हणाला, "पुण्याला जायचं बघायलोय." मी खाली बघून चालत राहिले. बोलले असते तर रडले असते.

मृगाच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. अण्णा दाराशी आले. मग म्हणाले, "ओढ्याकडचा तुकडा तुझ्या नावावर करायचं म्हणायलोय. तलाठ्याला बोललोय. म्हंजी सभासद व्हशील."

हे त्यांचे इतक्या आठवड्यांनंतरचे पहिले शब्द. आमच्या घराण्यात कुठल्याही पोरीच्या नावावर कधी ढेकूळ झालं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी डोळ्यापुढे समाधान आला, अर्चनावहिनी आली, तिसऱ्या काडीला धरलेले ते दोन हात आले.

"करा, अण्णा," मी म्हटलं. "रान मला पायजे. पण सोसायटीत मी एकटी जाणार न्हाई."

"मग काय करणार?"

"आमची येगळी काढणार. हळदीची. जो राबंल तो सभासद."

अण्णा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "बॉयलर?"

"न्हाई. काहिलीत शिजवू."

"काहिलीत!" ते हसले. खरंच हसले. "कंबरडं मोडंल तुमचं." मग म्हणाले, "त्यात मला घेताल का?"

"काम करावं लागंल, अण्णा."

"मग आजवर काय झोपा काढल्या का मी?"

समाधान पुण्याला गेला नाही. गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. संस्थेची नोंदणी व्हायला फार खेटे घालावे लागले. अर्चनावहिनी कडेवर लेक घेऊन परभणीच्या कचेरीत बसायची, आणि साहेब जेवायला गेले की तिथंच पोरीला भरवायची. पुढच्या फाल्गुनात आम्ही घराघरांतून जुन्या काहिली मागून आणल्या. कुणाच्या तळाला भोक, कुणाचा कान तुटलेला. समाधाननं सगळ्या जोडल्या. काहिलीवर हळद शिजवणं म्हणजे दिवसभर आगीशी कुस्ती. कंबर मोडायची वेळ आली, अण्णा म्हणाले होते तशी. पण ओढ्याकडचं एकही रान सुटलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आमचा स्वतःचा बॉयलर आला, आणि मग वाळवायला ओटा, पॉलिशचं यंत्र. हे सगळं आता सांगताना एका दमात होतं. तेव्हा एकेक वस्तू म्हणजे एकेक डोंगर होता.

काल जीपमधून उतरले ती थेट संस्थेच्या बैठकीलाच गेले. अर्चनावहिनी अध्यक्ष आहे आता. कालचा विषय एकच होता: ऋतुजाला सभासद करून घ्यायचं का? ऋतुजा चेअरमनकाकांची नात. पाथरीच्या कॉलेजातून शिकून आली. या हंगामात रोज रानात येते, ड्रम खाली करते, कुणी सांगायच्या आधी झाडू उचलते.

सगळ्यात मोठा विरोध अण्णांचा. "ज्यांनी बॉयलरला कुलूप लावलं, त्यांच्या घरचं माणूस? त्यांच्याकडं रान हाय, सोसायटी हाय. तिकडं जावं."

ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तिकडं मला बी बोलू देत न्हाईत, आजोबा. रान बाबांच्या नावावर हाय."

मी तोंड उघडणार होते, पण अर्चनावहिनीनं मला डोळ्यानंच थांबवलं. रुक्मिनबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काम करती का पोरगी?"

"करती," समाधान म्हणाला.

"मग का विचारायलेत?"

वहिनीनं हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर होत गेला. रुक्मिनबाईचा लसणासकट झाला. शेवटी अण्णा राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत नाहीत असं दाखवत बघत होते. अण्णांनी आधी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि मग हात वर केला.

"झालं," वहिनी म्हणाली.

ऋतुजा भिंतीपासून पुढे आली. तिला काय बोलावं ते कळत नसावं. मग तिनं विचारलं, "उंद्या कुणाच्या रानात यायचं?"

"माझ्या," अण्णा म्हणाले. "दिस उगवायच्या आत. आन्‌ जुनी कापडं घालून ये पोरी, हळदीचा डाग निघत नसतो."